देखरेखीखाली

दुसऱ्यांचे दात घडवण्यात जिची बावीस वर्षं गेली, तिने त्या वर्षी स्वतः जेवढे दातओठ खाल्ले तेवढे कुणी खाल्ले नसतील. कारण एकच होतं. धाकटी जाऊ परदेशी निघाली होती.

थोरली दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. दवाखान्यातून प्लास्टरचा साचा यायचा, त्यावर ती मेणाची कॅप कोरायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टीवाला तिची पक्की कॅप ओतायचा. सगळी मदार काठावर. कॅप जिथे संपते तिथे थोरली साच्यावर लाल पेन्सिलीने बारीक रेघ मारायची आणि मेण बरोब्बर त्या रेघेपाशी आणून सोडायची. केसभर जास्त झालं तर हिरडीला टोचणार, केसभर कमी पडलं तर फट राहणार. भिंगाला ती हात लावायची नाही. "भिंग नवशिक्यांना," म्हणायची. लॅबमध्ये तिला सगळे 'हेडबाई' म्हणत. ते तिला फार आवडायचं, पण चेहऱ्यावर दाखवेल तर शपथ.

नऊ वर्षांपूर्वी धाकटी लग्न होऊन घरात आली, तेव्हा थोरलीनेच तिला बोट धरून लॅबमध्ये नेलं. मेणाची सुरी कशी धरायची इथपासून शिकवलं. तिची पहिली दाढ बघून "अगं, ही दाढ आहे की बटाटा?" असं अख्ख्या लॅबसमोर विचारलं होतं. आता त्याच बटाटेवालीला परदेशातल्या एका लॅबने नोकरी देऊ केली होती. नवऱ्यासकट या म्हणत होते, राहायची सोयसुद्धा करत होते!

घरात तर नुसता उत्सव. सासूबाई येईल त्याला, जाईल त्याला "आमची धाकटी निघाली हो" म्हणून सांगायच्या. जिन्यात भेटणाऱ्या पोस्टमनलाही त्यांनी सोडलं नाही. दोन भल्यामोठ्या नव्या बॅगा येऊन वाटेत उभ्या राहिल्या आणि थोरलीच्या पायाचा अंगठा दिवसातून तीनदा त्यांच्यावर आपटू लागला. "हलवा की त्या," ती खेकसायची. खरं तर बाजूने जायला चांगली दोन हात जागा होती. पण पोटात दुखायला लागलं की माणसाला वाट दिसत नाही.

एक गोष्ट कुणालाच माहीत नव्हती. जेवणाच्या सुट्टीत लॅबच्या कॉम्प्युटरवर थोरलीने गुपचूप तोच परदेशाचा अर्ज उघडला होता. अनुभवाला तिला भरपूर गुण पडले, धाकटीच्या दुप्पट. मग वयाचा रकाना आला. पंचेचाळिसाच्या पुढे शून्य. थोरलीला सेहेचाळीस होऊन दोन महिने झाले होते. तिने अर्ज बंद केला, डबा धुतला आणि पुन्हा मेण कोरायला बसली.

आणि नेमकं त्याच आठवड्यात धाकटी कागद घेऊन पुढ्यात उभी राहिली.

"वहिनी, अनुभवाचं पत्र लागतंय. जिच्या हाताखाली शिकले तिनेच लिहायचं, असं आहे. म्हणजे तुम्हीच. पाच वर्षं स्वतंत्रपणे काम करते, एवढं आलं की झालं."

"लिहिते की. त्यात काय!" थोरली म्हणाली, आणि कित्येक दिवसांनी तिला जेवण गोड लागलं.

तिने पत्र छान लिहिलं. वक्तशीर, मेहनती, हात स्वच्छ. आणि शेवटी लिहिलं, 'सर्व काम माझ्या देखरेखीखाली करते.'

धाकटीने उभ्या उभ्या वाचलं. "वहिनी, हा शब्द असेल तर ते मला शिकाऊ धरतील. अर्ज तिथेच संपेल."

"मग काय खोटं लिहू? लॅबमध्ये हेड कोण आहे?"

धाकटीने पत्राची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि दुसऱ्या दिवशी आठवडाभराची रजा टाकून भाषेच्या परीक्षेला दुसऱ्या शहरात निघून गेली. अर्ज पाठवायला अजून दहा दिवस होते. थोरलीला दोन दिवस अगदी हलकं हलकं वाटलं.

तिसऱ्या दिवशी एक कॅप परत आली. काठाला फट. चौथ्या दिवशी दोन आल्या. शुक्रवारपर्यंत पाच झाल्या, पाचही थोरलीच्या हातच्या.

"हेडबाई, दोन वर्षांत तुमची एक कॅप परत आली नव्हती," मालक म्हणाले. "बरं नाही का?"

"प्लास्टरच भिकार आलंय," ती फणकारली.

पण चैन पडेना. सगळे जेवायला गेल्यावर तिने फडताळातून आपले जुने साचे काढले, खिडकीशी नेले आणि कुणी बघत नाहीसं पाहून मालकांचं मोठं भिंग डोळ्याला लावलं. साच्यावर तिची लाल रेघ होती, ठसठशीत. आणि तिच्या जरा खाली, काठ जिथे खरोखर होता तिथे, एक बारीक निळी रेघ होती. दुसरा साचा, निळी रेघ. गेल्या महिन्याचा, गेल्या वर्षाचा, त्याआधीचा. लॅबमध्ये निळी पेन्सिल एकटी धाकटीच वापरायची. "पॅकिंग राहिलंय, तुम्ही व्हा पुढे," असं म्हणून रोज संध्याकाळी अर्धा तास मागे राहायची, तीही धाकटीच.

थोरली स्टुलावर बसली. तिला लाज वाटली, आणि लाजेच्या वर राग आला. या बाईचा हेवा करायचा, तर ती तोही धड करू देत नव्हती.

धाकटी परत आली त्या संध्याकाळी थोरलीने तिला स्वयंपाकघरात गाठलं.

"निळ्या रेघा कधीपासून मारतेस?"

धाकटीने हातातलं भांडं खाली ठेवलं. "तुम्ही सुईत दोरा ओवायला मला सांगायला लागलात, तेव्हापासून."

"तोंड नव्हतं सांगायला?"

"मालकांना कळलं असतं तर तुम्हाला प्लास्टर कालवायला बसवलं असतं. तुम्हाला ते सोसलं असतं का?"

"आणि पत्र दिलं त्या दिवशी? तेव्हा तरी बोलायचंस! माझ्या तोंडावर फेकायचंस!"

"जिना उतरेपर्यंत मनातल्या मनात खूप बोलले," धाकटी म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "देवी नाहीये मी, वहिनी. इतकी चिडले होते की परीक्षेत पहिला प्रश्नच चुकवला."

थोरलीने सासूबाईंचा चष्मा शोधला आणि जेवणाच्या टेबलाशी बसून नवं पत्र लिहिलं. 'सात वर्षांपासून स्वतंत्रपणे काम करते.' इथे थांबता आलं असतं, कुणी बोट ठेवलं नसतं. पण तिने आणखी एक ओळ लिहिली. 'गेली दोन वर्षे माझे काम तिच्या देखरेखीखाली चालले.'

पत्रावर लॅबचा शिक्का हवा होता, म्हणजे मालकांनी ते वाचणं आलं. ती स्वतः घेऊन गेली. मालकांनी दोनदा वाचलं.

"शेवटची ओळ काढली तरी तिचं काम होतंय, हेडबाई."

"मारा शिक्का."

त्यांनी शिक्का मारला. पुढच्या सोमवारी थोरलीचं टेबल दुसरीला मिळालं आणि थोरली मागच्या खोलीत प्लास्टर कालवायला बसली. पगार तोच राहिला, पण 'हेडबाई' म्हणायचं सगळ्यांनी हळूहळू सोडून दिलं. आणि तिच्या मनातून धाकटीचा हेवा गेला म्हणाल, तर छे! बॅगा भरताना, वजन करताना, पुन्हा उपसून भरताना ती दारातून बघायची आणि तिच्या छातीत कळ यायची.

जायच्या आदल्या दिवशी धाकटी लॅबमध्ये सगळ्यांचा निरोप घ्यायला आली. मागच्या खोलीत आली, वाकून नमस्कार केला आणि आपली निळी पेन्सिल थोरलीच्या ओल्या, पांढऱ्या हातात ठेवली.

"मला कशाला?" थोरली म्हणाली. "मला ती रेघ दिसत असती, तर ते पहिलंच पत्र गेलं असतं आणि तू आज इथेच असतीस."

धाकटी हसली. थोरली हसली नाही, कारण ती अगदी खरं तेच बोलली होती.