डिग्नाची जागा

माझी नणंद डिग्ना चिखलात हात घालते तेव्हा शिंपले आपणहून तिच्या मुठीत येतात, असं गावात म्हणतात. ऐकूनच माझ्या पोटात दुखतं. एकाच ओहोटीला आम्ही खारफुटीत उतरतो, डास पळवायला सारखेच चिरूट ओढतो. तिची टोपली काठोकाठ, माझी अर्धी. नवरा बुडाल्यावर तिने पोरं याच टोपलीवर वाढवली, आणि वर कायम हसतमुख! शिंपले काढायची आपली जागा मात्र आमच्यात कुणी सांगत नाही, सख्ख्या आईलाही नाही.

यंदा खारफुटी वाचवायची योजना आली. काही भाग पाच वर्षं बंद ठेवायचा. पण त्याआधी कुणाच्या पोटावर पाय येतो ते बघायला एस्मेराल्डास शहरातून एक मॅडम नकाशा घेऊन आली. शाळेच्या पडवीत आम्हाला बसवून म्हणाली, "शिंपले कुठे काढता, तिथे बोट ठेवा."

मी डोळे फाडून डिग्नाच्या बोटाकडे बघत होते. तिने ते ठेवलं वाळूच्या दांड्यावर, जिथे खेकडासुद्धा उपाशी मरेल. मीही तिथेच ठेवलं. झाडून सगळ्या बायकांनी तेच केलं.

"छान," मॅडम म्हणाली. "म्हणजे फुटक्या होडीमागच्या खाड्यांत कुणीच जात नाही. त्याच बंद करू."

माझी जागा तिथेच होती. बाकीच्यांचीही असणार, तोंडं उतरली होती. पण बोलायचं म्हणजे शेजारणीला वाटेकरी करायचं. एकीनेही वाळूवरचं बोट हलवलं नाही.

डिग्ना उठली. "थांबा हो मॅडम, खोटं बोलले मी. तिकडेच वाकड्या झाडाखाली माझी जागा आहे. ती बंद केलीत तर खायचं काय, तुमचा नकाशा?"

मी तिचा झगा ओढला. "अगं, सगळ्यांपुढे सांगितलंस?"

"बंद खाडीतली जागा लपवून काय करू, वहिनी? लोणचं घालू?"

दुसऱ्या दिवशी तिने मॅडमला होडीतून तिकडे नेलं. प्रत्येक खाडीत मुळांमध्ये आम्हा सगळ्यांच्या चिरुटांची थोटकं खोचलेली! बंदी पलीकडच्या किनाऱ्याला गेली.

आता निम्म्या बायका त्या वाकड्या झाडाखाली उतरतात. पहिल्याच दिवशी मी गेले, डिग्नाला अगदी खेटून बसले. माझी स्वतःची जागा अजून कुणाला ठाऊक नाही, हेही मनात घोळवत होते. परतताना टोपल्या शेजारी-शेजारी ठेवल्या. तिची काठोकाठ, माझी अर्धी.

इतकी वर्षं मी तिच्या जागेवर जळत आले. आता जागा मिळाली, आणि जिच्यावर जळावं ती फक्त डिग्ना उरली.