सेन्सरची परीक्षा

आमचा मेकॅनिक परीक्षा घेतल्याशिवाय कुठल्याही सेन्सरचं ऐकत नाही. मागच्या आठवड्यात माझी गाडी प्रत्येक चौकात बंद पडू लागली, तेव्हा, पोरांनो, तुमच्या बाबांनी फोनवरूनच निकाल दिला, "आई, आता तुला क्लच सांभाळता येत नाही. गाडी विकून टाक." मी ती तडक गॅरेजवर नेली.

इंजिनातल्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरला त्याने मीटर जोडला. सेन्सरची नळी इंजिनातून उपटली, तोंडात धरली आणि उसाचा रस प्यावा तशी ओढली. आकडा खाली आला. सोडली तसा वर गेला.

"हा खरं बोलतो, माई. आता इंजिनला विचारू."

नळी परत बसवून त्याने इंजिन सुरू केलं. इंजिनही तसंच हवा ओढतं, म्हणून आकडा चांगला उतरायला हवा होता, तो जेमतेम हलला. म्हणजे हवा भलतीकडून आत शिरत होती. अर्धा तास वाकून त्याने मागची एक चिरलेली रबरी नळी शोधली आणि बदलली. आकडा उतरला.

मग मला गाडी चालवायला लावून तो शेजारी बसला. शनवारा चौकापर्यंत त्याने रस्त्याकडे एकदाही पाहिलं नाही, नजर फक्त मीटरवर. परत आल्यावर माझ्याच फोनवरून तुमच्या बाबांना म्हणाला, "भैया, माईची काही गलती नाही. पाइप फाटेल होता. गाडी विकू नका."

फोन परत देताना मात्र हळूच म्हणाला, "माई, तुमचा पाय ॲक्सिलरेटरवर लई जोरात पडतो. मीटरमध्ये सगळं दिसतं. भैयाला मी सांगितलं नाही."