नावाडी बुडाला होता

त्या पुस्तकाबद्दल काटेवाल्यांना सगळ्यात आधी कळलं ते त्याचं वजन. पावणेदोन किलो. दुकानादुकानांतले वजनकाटे दुरुस्त करण्यात ज्याची हयात गेली, तो माणूस दुसरं काय बघणार? जुनी पुस्तकं विकणाऱ्या एका दुकानदाराचा काटा त्यांनी ठाकठीक केला आणि हाताला आलं ते पुस्तक पारड्यात टाकून बघितलं.

"घेऊनच जा ते," दुकानदार म्हणाला. "ज्याने नेलं त्याने परत आणून दिलं."

घरी बायकोने विचारलं, "कशाचं आहे हो?"

"देवांचं. म्हणजे खऱ्या नव्हे, रचलेल्या. एका माणसाने जन्मभर बसून एक अख्खं जग रचलं. त्यातले देव, राजे, त्यांची भांडणं. पुरं व्हायच्या आत गेला बिचारा. मग मुलाने पेट्यांतले कागद जुळवून हे छापलं."

"म्हणजे बापाने पसारा घालायचा आणि लेकाने आवरायचा," बायको म्हणाली. "वाचा."

बायकोच्या डोक्यातून अलीकडे बरंच काही निसटत होतं. शेजारणीचं नाव, गॅसवरचं दूध, आजचा वार. टीव्हीवरच्या मालिका तिने सोडून दिल्या होत्या. मालिकेतल्या बाईबद्दल 'ही कोण?' असं पुन्हा विचारलं की रविवारी येणारी लेक क्षणभर गप्प व्हायची, आणि ते गप्प होणं मात्र तिला बरोबर कळायचं.

या पुस्तकात निराळीच गंमत होती. एकेकाला तीन-तीन नावं. घरचे एका नावाने हाक मारणार, शत्रू दुसऱ्या, आणि मेल्यावर तिसरंच. शेवटी वंशावळीचा तक्ता, तोही घडी उलगडून जमिनीवर पसरायचा. "हा कोण?" असं बायकोने विचारलं की काटेवाले म्हणत, "मला ठाऊक असतं तर काय हवं होतं!" मग दोघं चष्मे सावरत मागची पानं चाळत. त्या घरात बऱ्याच दिवसांनी तिच्या बरोबरीने विसरणारं कुणीतरी सापडलं होतं.

जिभेला पेलेनात म्हणून नावं त्यांनी आपली ठेवली. चिडका देव 'फुगा' झाला. ऊठसूट शाप देणारी राणी 'आत्याबाई'. ताऱ्यांच्या बेटांमधून होडी वल्हवणारा म्हातारा नुसता 'नावाडी'. तो बायकोचा लाडका.

एका संध्याकाळी काटेवाले वाचत होते. आत्याबाई किनाऱ्यावर आली, नावाड्याने तिला हात देऊन होडीत घेतलं.

"हा कुठून आला?" बायको म्हणाली. "हा बुडाला ना!"

"हो हो," काटेवाले म्हणाले आणि पुढे वाचू लागले.

"थांबा."

ते थांबले.

"मला हो हो म्हणू नका. लहान मुलाला म्हणतात तसं. हातात कंदील होता त्याच्या. होडी गेली, तो गेला, कंदील किती तरी वेळ पाण्याखाली दिसत होता. तुम्हीच वाचलंत. बघा आणि मग सांगा मला."

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

काटेवाले मागची पानं उलटू लागले. त्यांचा धंदा असा, की गिऱ्हाईक म्हणणार माल कमी भरला, दुकानदार म्हणणार गिऱ्हाईक खोटं बोलतंय. काटेवाले दोघांचंही ऐकून न ऐकल्यासारखं करत, पेटीतली खात्रीची वजनं काढत आणि आधी काटा तपासत. न तपासता 'काटा बिघडलाय' असं त्यांनी कधी कुणाला म्हटलं नव्हतं. घराबाहेर.

नावाडी सापडला. बुडाला होता. कंदील पाण्याखाली दिसत होता.

मग त्यांनी प्रस्तावनाही काढली. ती दोघांनीही कंटाळून सोडून दिली होती. मुलाने लिहिलं होतं: वडिलांनी एकच गोष्ट दोनदा निरनिराळी लिहून ठेवली असेल, तर त्यातली कुठली खोडायची हे ठरवायला माझा हात धजला नाही.

"तुझं बरोबर आहे," काटेवाले म्हणाले. "पुस्तकच चुकलंय."

बायको हसेल असं त्यांना वाटलं होतं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"मग छत्री?" ती म्हणाली.

"कुठली छत्री?"

"काळी. मी हरवली म्हणालात. मी म्हटलं, तुम्ही दुकानात नेलीत. तेव्हाही हो होच म्हणालात."

दुसऱ्या दिवशी आपलं दुरुस्तीचं दुकान उघडल्याबरोबर काटेवाल्यांनी कोपऱ्यातला मोडका काटा ओढला. मागे छत्री उभी होती, धूळ खात. ती त्यांनी भर उन्हात उघडी धरून घरी नेली. शेजारी हसले. बायकोही हसली, पण डोळे पुसत.

त्यानंतर ती सुधारली असं नाही. उलट, पुस्तक अर्ध्यावर आलं तेव्हा ती त्यांचंच नाव चाचपडू लागली होती. त्या सुमाराच्या एका रविवारी वाचन चाललं असताना ती एकदम म्हणाली, "अहो, दारात आई उभी आहे."

लेक म्हणाली, "आई, अगं, आजी जाऊन तर..."

काटेवाल्यांनी हाताने तिला थांबवलं. पुस्तकात बोट घालून ते उठले, पायांत चपला सरकवल्या, कडी काढली. बाहेर जाऊन त्यांनी जिना खालपर्यंत बघितला, मग वरही बघितला. लेक बसल्या जागेवरून त्यांच्या पाठीकडे बघत राहिली.

ते परत आले. "आत्ता तरी कुणी नाही," ते म्हणाले. "दार लोटून ठेवलंय नुसतं."

"बरं," बायको म्हणाली, आणि पाय वर घेऊन नीट बसली. "कुठे होता नावाडी?"