नागपूर ते वाटूर, मोटारसायकलवर

जी गोष्ट आता सांगतोय, ती मी स्वतःच्या तोंडून अजून एकदाही ऐकलेली नाही. बायकोला माहीत नाही, आईवडिलांना माहीत नाही. तिची खोटी आवृत्ती मात्र सगळ्या पाहुण्यारावळ्यांना पाठ आहे. हुरड्याला बसलो, लग्नाच्या मांडवात जेवणाला उशीर झाला, की कुणीतरी म्हणतंच, "ते नागपूरचं सांगा की!" मग मी आधी नको नको म्हणतो. नको नको म्हणणं मला आता फार झकास जमतं.

सुरुवात कुठून करू? गाडीपासूनच करतो. सगळं तिच्यावर ढकलता आलं तर बरंच आहे.

मी एका बियाण्याच्या कंपनीत आहे. काही वर्षं नागपुरात काढली आणि मग बदनापूरच्या गोदामावर बदली झाली. आमचं गाव वाटूर, बायकोचं माहेर तीर्थपुरी — म्हणजे घरीच आल्यासारखं. आनंदच की! पण ज्यानं कधी बिऱ्हाड हलवलंय त्याला विचारा. फ्रिज जातो, कपाट जातं, तुळशीची कुंडीसुद्धा मांडीवर बसून जाते. मोटारसायकल कुणालाच नको असते. जालन्याहून मागवलेल्या टेम्पोवाल्यानं घासलेट संपलेला स्टोव्हदेखील प्रेमानं वर घेतला आणि गाडीकडे बघून मान हलवली. "ऑइल गळून राह्यलं साहेब. गाद्यांचा सत्यानाश होईल, मंग मॅडम मला बोलतील." मॅडम म्हणजे माझी बायको, अर्चना. ती शेजारीच उभी होती. तिनं टेम्पोवाल्याच्या बाजूनं मान हलवली, आणि त्याच टेम्पोत पुढं बसून ती निघूनही गेली.

राहिलो मी आणि गाडी. एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, कागदांच्या झेरॉक्स आणा. आणल्या. म्हणाला, टाकी रिकामी करून आणा. ती रिकामी करून, गाडी ढकलत आणली. म्हणाला, पोत्यात बांधून आणा. भर उन्हात पोती आणि सुतळी घेऊन गाडीला लेकरासारखं गुंडाळलं. तर हा म्हणतो, नंबर दिसत नाही. नंबरापाशी पोतं फाडलं, तर म्हणतो, पॅकिंग फाटकं आहे, आम्ही घेत नाही. तुम्ही असता तर काय केलं असतं? मी सुतळी तोडली, पोती त्याच्या दारात टाकली, आणि—

आणि तेवढ्यात फोन. वडील म्हणाले, ट्रॅव्हल्सच्या टपावर टाक. सासरे म्हणाले, "विकून टाका जावईबापू, बिलकुल विकून टाका." अर्चना म्हणाली, तुम्हाला एक काम धड सांगायची सोय नाही. तेव्हा मी ते वाक्य बोललो.

"मी चालवत आणतो!"

रागानं बोललो हो. राग उतरेपर्यंत अर्चनानं स्टेटस ठेवलं होतं — आमचे हे नागपूरहून गाडीवर निघालेत. खाली हात जोडलेले, वर फटाके. सासरवाडीच्या ग्रुपवर धाकट्या मेव्हण्याचा, गजाननचा, पहिला मेसेज: "दाजी, एकच नंबर!" आता मागं कसं फिरणार?

पहाटे निघालो. हे खरं आहे. या सगळ्या प्रकरणात जे थोडंफार खरं आहे, त्यात हे निघणं आहे. माझं रोजचं गाडी चालवणं म्हणजे घर ते ऑफिस, वाटेत भाजी. बुटीबोरीच्या पुढं हायवे मोकळा झाला आणि माझ्या कंबरेनं बोलायला सुरुवात केली. गोष्ट सांगताना मी इथं कंबरेवर दोन विनोद करतो. पण थांबलो ते कंबरेमुळे नाही. एक ट्रक इतका लगटून गेला की हँडल हातात थरथरलं, आणि मी — कसं सांगू — मी घाबरलो. नुसता घाबरलो. पुढचा सगळा रस्ता असाच ट्रकांचा असणार, हे डोक्यात आलं आणि पाय आपोआप ब्रेकवर गेला. पहिल्या ढाब्यावर थांबलो तेव्हा लोक अजून नाश्ता करत होते. म्हणजे माझा नागपूर ते वाटूर प्रवास पोह्यांच्या वेळेलाच संपला.

ढाब्यावर जालन्याचा एक ट्रक उभा होता. स्टीलच्या कारखान्यात वितळवायला भंगार घेऊन चाललेला. ड्रायव्हरला विचारलं. त्यानं माझ्या गाडीभोवती एक चक्कर मारली. "टाका की वर. खाली भंगारच हाय, वरबी भंगारच." चौघांनी मिळून गाडी वर चढवली, पत्र्याच्या डब्यांत आणि गंजक्या गजांत आडवी केली. मग तो गंभीर होऊन म्हणाला, "फक्त कारखान्याच्या वजनकाट्याच्या आधी उतरवून घ्या बरं. न्हाईतर तुमचं वाहन मालात धरतील. उद्या तिची सळई होईल अन् कुणाच्या तरी स्लॅबात जाईल, मंग बसा शोधत."

मी केबिनमध्ये बसलो. ट्रक समृद्धी महामार्गावर चढला, मी झोपलो. मधूनच फोन वाजायचा. "दाजी, कुठपर्यंत?" गजानन विचारायचा. मी लिहायचो, वर्धा ओलांडलं, हवा मस्त आहे. हवा मस्त होतीच — केबिनच्या खिडकीतून येत होती.

रात्र कारखान्याबाहेरच्या ट्रकांच्या रांगेत गेली; ग्रुपवर लिहिलं, वाटेत लॉजवर मुक्काम केलाय. सकाळी गाडी उतरवली, पेट्रोल टाकलं आणि जालन्याहून वाटूरला निघालो. आता इथं एक गोष्ट सांगतो, हिची मला जास्त लाज वाटायला पाहिजे. नागपूरचा माणूस मोटारसायकलवर आला, तर तो वाटूरला मंठ्याच्या अंगानं येणार. मी जालन्याच्या अंगानं येत होतो. म्हणून तोंडाला रुमाल बांधून मी वाटूरचा फाटा ओलांडला, मंठ्याच्या रस्त्यानं चांगला पुढं गेलो, एका बाभळीखाली गाडी वळवली आणि मग परत आलो — हॉर्न वाजवत. घाबरून ट्रकात बसणं एक वेळ समजू शकतं. पण हे वळून येणं? हे तर थंड डोक्यानं केलं होतं.

फाट्यावरच्या चहाच्या हॉटेलात वडील आणि त्यांची मंडळी वाटच बघत होती. नारळ फुटला. गाडीला हळदकुंकू लागलं. आईनं माझ्या शर्टावरचा भंगाराचा गंज बघितला आणि तिचे डोळे भरून आले. "किती फुफाटा खाल्ला लेकरानं!" मी मान खाली घातली. लोकांना ती नम्रता वाटली.

आणि मी लगेच माती खाल्ली. कुणीतरी रस्ता कसा होता म्हणून विचारलं. मी म्हणालो, समृद्धीवर काय, मक्खन! एक म्हातारा बशी खाली ठेवून म्हणाला, "पण समृद्धीवर मोटारसायकल चढू देत न्हाईत ना?" संपलं, म्हटलं. तर दुसराच एक जण त्याच्यावर खेकसला, "अण्णा, तुम्हाला काय कळतं! पोलिसाला चुकवून आल्ता असंल. हिंमत लागती त्याला!" आणि झालं. माझं खोटं मला सांगावंसुद्धा लागलं नाही. लोकांनी ते उचललं, झाडून पुसून माझ्यापेक्षा चांगलं करून परत दिलं. वैताग यायचा तो इथं यायला पाहिजे होता. मला तर चहा फार गोड लागला.

इथवर हसू येतं ना? मलाही येतं. मी गोष्ट नेहमी इथंच थांबवतो.

गजानन आयटीआय झालेला. माझी बदली झाली त्याच वर्षी त्याला पुण्याकडे, चाकणला, एका कंपनीत नोकरी लागली. सासऱ्यांच्या घरात कुणी पहिल्यांदाच कंपनीत लागत होतं. त्याचं कपड्यांचं बोचकं आणि गाडी ट्रॅव्हल्सनं पाठवायचं सासऱ्यांनी ठरवून ठेवलं होतं. निघायच्या आधी गजाननचा मला फोन आला. "दाजी, ट्रॅव्हल्सवाला लय नखरे करून राह्यला. मी चालवतच नेतो गाडी. तुम्ही नागपूरहून आल्ते, मला पुणं जड आहे का?"

किती सोपं होतं! एक वाक्य. अरे बाबा, मी नव्हतो आलो, ट्रकात घालून आणली होती. तो हसला असता, कदाचित ग्रुपवर टाकलं असतं, महिनाभर माझी जिरली असती. आणि त्यानं गाडी टपावर टाकली असती.

मी म्हणालो, "जड कशाचं? आरामात जाशील."

एवढ्यावर तरी गप्प बसावं की नाही? पण मी अनुभवी माणूस. मी सल्ला दिला. म्हणालो, "जास्त थांबायचं नाही बघ. थांबलं की अंग जड होतं. मी तर दिवसभरात एकदाच चहाला थांबलो होतो." हे मी कुठून आणलं? कुठूनच नाही. त्या क्षणी जिभेवर आलं ते. जो प्रवास मी गाडीवर केलाच नाही, त्याचा हा माझा अनुभव.

निघायच्या आदल्या रात्री सामान बांधण्यात त्याची झोप झाली नव्हती. नगरच्या पुढं, उन्हाच्या वेळी, त्याचा डोळा लागला. गाडी रस्त्याच्या कडेला जाऊन मैलाच्या दगडावर आपटली. गुडघ्याखालची दोन्ही हाडं मोडली. आत सळई घातली. बरं व्हायला महिने लागले. कंपनीनं काही दिवस वाट बघितली आणि त्याच्या जागी दुसरा घेतला.

मी दवाखान्यात गेलो होतो. याच्याबद्दल मला बोलायचंय, बाकीचं सगळं वळसे घेणं होतं.

सासरे खाटेशेजारी बसले होते. रागात होते, रडू येऊ नये म्हणून रागात होते. "इतकी काय घाई लागली होती तुला? दाजी येवढ्या लांबून आले, त्यांना काही झालं का? दाजीला विचारून तरी निघायचं न्हाई का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. गजाननही. मला वाटलं, आता हा सांगणार — विचारलं होतं, दाजीच म्हणाले थांबू नको. आणि तो बोलायच्या आत मी बोललो. मोठ्या माणसाच्या आवाजात. "लांबच्या रस्त्याला थांबत थांबत जायचं असतं, गजू. तासातासाला थांबायचं. मी तसाच आलो. तू कुठं थांबलाच नसशील."

तो माझ्याकडे बघत राहिला. थोडाच वेळ. त्याला आठवत होतं मी काय सांगितलं होतं ते, मला दिसत होतं. मग तो बापाकडे वळून म्हणाला, "दाजीनं सांगितलं होतं थांबायला. मीच ऐकलं न्हाई."

बापासमोर त्यानं माझी बाजू सांभाळली. त्याला वाटलं, दाजी फोनवर काहीतरी बोलून गेले, चुकले असतील, कशाला त्यांना खाली बघायला लावा. मी चुकलो नव्हतो. मी खोटा होतो. तो ज्याला माझी चूक समजून झाकत होता, त्याच्याखाली आणखी एक अख्खा ट्रक होता, हे त्याला कुठं माहीत? आणि मी काय केलं? मी त्याच्या उशाशी सफरचंदं ठेवली.

गजानन आता तीर्थपुरीतच ट्रॅक्टरच्या पार्टच्या दुकानात बसतो. उजवा पाय किंचित ओढत चालतो. गाडी चालवत नाही. चालवता येत नाही असं नाही, डॉक्टरांनी कधीच परवानगी दिली. तो म्हणतो, "आपल्यात तेवढा दम न्हाई." चाकणच्या त्याच्या मित्रांनी एकदोनदा परत बोलावलं, तेव्हाही हेच म्हणाला. घरात त्याला उदाहरण माझं देतात. सासूबाई देतात, अर्चना देते. आणि पंगतीत मला कुणी नागपूरचं सांगा म्हणालं, की तोच पुढं सरकून बसतो आणि मी विसरलो तर आठवण करून देतो. "दाजी, ते पोलिसाला चुकवल्याचं राह्यलं."

परवा सासरवाडीला गेलो होतो. जेवण झालं, त्याची दुकानाची वेळ झाली होती. म्हटलं चल, सोडतो. तो माझ्या खांद्याला धरून मागं बसला. बाजाराचा दिवस, रस्त्यात भाज्यांच्या पाट्या, बैल, माणसं, कुणाला हॉर्न ऐकू येत नाही. मी कुरकुरत चाललो होतो. तर मागून त्याचा आवाज आला. अगदी सहज विचारलं त्यानं, मनात कधीपासून असल्यासारखं.

"दाजी, खरं सांगा. त्या दिवशी नगरच्या पुढं माझ्या जागी तुम्ही असते, तर पडले असते का हो?"

माझी पाठ त्याच्याकडे होती. त्याला माझं तोंडही दिसत नव्हतं. इतकी सोय मला पुन्हा कधी मिळणार होती?

मी म्हणालो, "न्हाई."

"मला वाटलंच," तो म्हणाला, आणि दुकान आल्यावर माझ्या खांद्याचा आधार घेऊन उतरला.