सहा फूट चार इंचांचं शेपूट

आमच्या थोरल्या साडूंसारखा जिवाला जीव देणारा माणूस अख्ख्या सास्तूर गावात सापडायचा नाही. फक्त तो जीव कोंबड्याचा असावा लागतो. कोंबडाही साधा नव्हे, शोभेचा, लांब शेपटीचा. निगा नीट राखली तर याच्या शेपटीची पिसं दरसाल गळत नाहीत, वाढतच राहतात, असं कुणीतरी सांगितलं आणि गृहस्थ कामातून गेले. पत्र्याच्या खोपीत माणसाच्या उंचीची दांडी, खाली चाळलेली वाळू, शेपटीला बायकोच्या इरकली लुगड्याची पट्टी गुंडाळलेली. दर गुरुवारी टेप लावायची आणि माप सगळ्या पाहुण्यांच्या मोबाइलवर धाडायचं. माझे वडील गेले त्या दिवशी सांत्वनाच्या आधी मला ‘पाच फूट नऊ’ आलं होतं. खोपीजवळ कुणी खोकलं तरी म्हणायचे, “पाव्हणं, दमानं. साहेब दचकतेत.”

त्यांची बायको म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आमच्या आक्का. लेकीचं पहिलं बाळंतपण पुण्यात, कारण डॉक्टरांनी प्रवास बंद केलेला. दिवस भाद्रपदाचे, म्हणजे नेमके कोंबड्यांची पिसं गळायचे. आक्कांची पिशवी भरून दारात होती. साडू म्हणाले, “तिथं डॉक्टर हाईत, नर्सा हाईत. हितं शेपूट धरायला कोण हाय?” आक्कांनी पिशवीतली लुगडी एकेक करून पुन्हा फडताळात ठेवली. मी तिथंच चहा पीत बसलो होतो आणि हसलोही होतो. त्या हसण्याची मला आता लाज वाटते.

शेपूट सहा फूट चार इंचांवर गेलं आणि पौषात आक्का अचानक गेल्या. नातवाला त्यांनी फोनवरच काय ते पाहिलं. घर पाहुण्यांनी भरलं. खोपीकडं कुणीतरी बघत असेल, असं प्रत्येकाला वाटलं. आठवण झाली तर कुणी मूठभर ज्वारी टाकी. पाण्याचं भांडं दोन दोन दिवस कोरडं. तेराव्याचं जेवण उरकून साडू खोपीत गेले, तर वाळूवर पिसांचा ढीग आणि दांडीवर बोडका साहेब. राग आला नाही त्यांना. एक लांब पीस हातात घेतलं आणि म्हणाले, “दाणापाणी ती करायची व्हय?” इतक्या वर्षांत त्यांनी फक्त माप घेतलं होतं. मला चार शब्द सुनावायचे होते, पण त्यांच्या तोंडाकडं बघून जमलं नाही.

त्यानंतर गुरुवार मुके गेले. परवा मात्र मोबाइल वाजला. ‘दोन इंच. शेंगदाणे भिजवून घातले. ती असंच घालायची का, तुमच्या मंडळींना इचारून सांगा.’

बायकोला विचारलं. तिलाही ठाऊक नव्हतं.