धुरपताची वांग्यांची बांधी

१९८५ पर्यंत साकोलीजवळच्या त्या गावातून वांग्यांच्या टोपल्या एसटीच्या टपावर चढू लागल्या होत्या. त्याच्या सहा वर्षं आधी मात्र धानाची कापणी झाली की तिथल्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, उन्हाळाभर रिकाम्या पडत आणि भाजी बाजारातून येई. गावच्या तलावात पाणी असताना जमीन अशी पडून का, हे पुंडलिकरावांची सून धुरपता हिला नांदायला आल्यापासून खटकत होतं. तीन वर्षं तिने सासऱ्यांचा पिच्छा पुरवला, तेव्हा कुठे पुंडलिकरावांनी पाटाजवळची एक बांधी दिली.

“एकच हंगाम देतो, सूनबाई. वांगी नाही झाली तर पुन्हा नाव काढायचं नाही.”

डिसेंबरात तिने रोपं लावली आणि, धानात जन्मभर तेच केलेलं असल्यामुळे, बांधीत घोटाभर पाणी भरून ठेवलं. चौथ्या दिवशी पानं पिवळी पडली. तहानली असतील म्हणून तिने आणखी पाणी सोडलं.

शेजारच्या गावात मळा असलेली बेबीबाई भाजी घेऊन बाजाराला निघाली होती. ती बांधापाशी थबकली.

“काहून वो धुरपता, वांगी लावली का मासोळ्या पाळून राहिली?”

“मरून राहिली ना वो माय! एवढं पाणी देतो, तरी माना टाकते.”

“पाण्यानंच मरून राहिली. धानाले चालते, वांग्याले नाही चालत. फोड बांध, काढ पाणी. माती सुकेपर्यंत थेंब देऊ नको. मंग सऱ्या पाड.”

धुरपताने लगेच कुदळीने बांध फोडला. पाणी खळखळत निघालं, तोच पुंडलिकराव आले.

“झाली का शेती? नांगर घालू का?”

“आठ दिवस थांबा, मामाजी.”

ते घराकडे वळले. मग रोज सकाळी धुरपता बोटाने माती उकरून पाही. निम्मी रोपं वाळून गेली. तिला घास गोड लागेना. सातव्या दिवशी एका वाळक्या पानाच्या बेचक्यात तिला तांदळाएवढा हिरवा कोंब दिसला. मग शेजारच्या रोपावर, मग पुढच्या ओळीत. ती तिथेच मातीत फतकल मारून बसली आणि एकटीच हसत सुटली.

पुंडलिकराव वाकून वाकून रोपं बघत आले.

“जगली म्हणायची?”

“जगली, मामाजी.”

“अन् मेलेल्याच्या जागी काय लावशील?”

“बेबीबाईजवळ रोपं उरली आहेत.”

“मंग बसून काहून राहिली? जा, घेऊन ये. तवरिक मी सऱ्या पाडतो.”