टेकूवरून उचललेला पाइप

जळगावच्या त्या कन्सल्टन्सीत माझं काम एकच: पाइप तापला की किती वाढतो आणि त्याचा भार कुठं पडतो, हे सॉफ्टवेअरमध्ये तपासायचं. पाइप नुसत्या लोखंडी टेकूवर बसला असेल, तर तो खालून अडतो, वर उचलला जायला मोकळा असतो. मॉडेलमध्येही सपोर्ट तसाच दाखवायचा. नाहीतर कॉम्प्युटर बिनदिक्कत खोटं उत्तर देतो.

माझ्या वरिष्ठांना हे चांगलं ठाऊक होतं. एका पंपापाशी पाइप तापून टेकूवरून उचलला जात होता आणि त्याचं सगळं वजन पंपाच्या तोंडावर येत होतं. मी मर्यादेबाहेर गेलेला तो लाल आकडा दाखवला. त्यांनी माउस ओढून घेतला आणि मॉडेलमधला टेकू पाइपला वरूनही धरून ठेवणारा केला. आकडा हिरवा झाला.

"झालं. दे पाठवून."

पुढे साइटवर पंप कुरकुरायला लागला, तेव्हा भरल्या मीटिंगमध्ये त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हिला सपोर्टच कळत नाही." मी घरी बसले. जळगाव ते केवढं! जिथं काम मागायला जावं, तिथं ते वाक्य माझ्याआधी पोहोचलेलं असायचं.

मी त्यांना माफ केलं नाही. शेवटी धुळ्याच्या एका कारखान्यानं मला घेतलं, तेही बाहेरून येणारी मॉडेलं तपासायला. हिवाळ्यात त्याच वरिष्ठांची फाइल माझ्याकडे आली. उघडली आणि हसूच फुटलं. लबाडी तीच, पंप फक्त दुसरा.

आमच्याकडे हिवाळ्यात काम पास करून घ्यायचं असलं की साहेबांना शेतात भरीत पार्टीला नेतात. त्यांनीही आमच्या कारखान्याच्या साहेबांना बोलावलं. मी लॅपटॉप घेऊन मुद्दाम गेले. मला बघून त्यांचा चेहरा पडला, आणि त्याचं मला जे सुख झालं ते सांगायला मला लाज वाटत नाही.

भाजलेली वांगी लाकडी बडगीत ठेचता ठेचता शेतमालक म्हणाले, "ताई, बठा. भरीत गरम शे."

मी पोटभर जेवले. मग आमच्या साहेबांदेखत खाटेवर लॅपटॉप उघडला आणि जुन्या वरिष्ठांना विचारलं.

"भाऊ, हा पाइप वरून कोण धरून ठेवतंय? ड्रॉइंगमध्ये क्लॅम्प आहे?"

"नाही. नुसता टेकू आहे."

"मग मॉडेलमध्येही तसाच करा. तुमच्या हातानं."

त्यांनी केला. पंपाचा आकडा लाल झाला. फाइल नापास, असं मी तिथंच सांगून टाकलं.

हात धुताना ते माझ्याजवळ सरकले. हळूच म्हणाले, "तेव्हाही तुझंच बरोबर होतं. आता सोड ना."

"मोठ्यानं बोला, भाऊ. तेव्हा मोठ्यानं बोलला होतात."

ते बोलले. सगळ्यांनी ऐकलं. कोणाला काही कळलं नाही, पण ऐकलं. वाटलं होतं, एवढ्यानं माझा राग शांत होईल.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्या गेल्या मी त्यांच्या याआधी पास झालेल्या सगळ्या फायली तपासायला परत मागवल्या.